सावलीच्या घड्याळावर

आधी पायांतले बूट काढा आणि वहाणा घाला. विजार जुनी असू द्या, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकायला हव्यात. खिशातला फोन घरीच राहू द्या. जिथे जातोय तिथे तो कुणाच्या उपयोगाचा नाही. साल १९३९, महिना जानेवारी. मुंबईत गिरगावातली, ठाकूरद्वाराच्या आतल्या गल्लीतली चाळ, तिसरा मजला. बाहेर अजून अंधार आहे. सतरंजीवर तुम्हाला जाग येते आहे, आणि डोळ्यांच्या आधी नाक जागं झालंय.

टर्पेंटाइनचा तो झोंबरा वास. त्याच्याखाली जवसाच्या तेलाचा जड, गोडसर वास. कोपऱ्यातल्या डब्यात सरस भिजतोय, त्याचा आणखी निराळा. खोलीत तुमच्याखेरीज तिघे आहेत: एक शाळामास्तर, एक कारकून आणि एक निर्णयसागर छापखान्यातला कंपोझिटर. खिडकीचा कोपरा तुमच्या वाटणीला आलाय, आणि तोही कुरकुर ऐकून घेतल्यावर. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या लाकडी फळ्या आहेत ना, त्यांना हात लावू नका. ओल्या आहेत. मागच्या आठवड्यात कंपोझिटरकाकांच्या धोतराच्या सोग्याला वाळकेश्वरचं आभाळ लागलं होतं. काका दिवसभर शिशाच्या टाइपांत आणि शाईत हात घालणारे, पण धोतर त्यांना पांढरं स्वच्छ लागतं.

उठा. नळावर रांग लागायच्या आत तोंड धुवायचं आहे. तुम्ही निसर्गचित्रकार आहात, जे. जे. स्कूलचा डिप्लोमा ट्रंकेत आहे, आणि आज लालबागला पोचायचंय, सूर्याच्या आधी.

पेटी उचला. खांद्याला रग लागली? लागणारच. आत तैलरंगांच्या शिशाच्या नळ्या आहेत: फ्लेक व्हाइटची सगळ्यात मोठी, मग यलो ऑकर, बर्न्ट सिएना, उंबर, अल्ट्रामरीन, कोबाल्ट, क्रिमझन लेक. कोबाल्टची नळी खालून वर इतकी गुंडाळली आहे की ती आता फक्त बुचापाशी जिवंत आहे. विलायती माल, एक नळी संपली की दुसरी घेताना जेवणाचा हिशेब बदलतो. डुकराच्या केसांचे ताठ ब्रश, पॅलेट, नाइफ, बूच घट्ट बसवलेली टर्पेंटाइनची बाटली, आणि जुन्या धोतराच्या चिंध्या. ब्रश पुसायला धोतराच्या चिंधीसारखं दुसरं काही नाही. दुसऱ्या हातात घडीचा स्टँड, काखेत दोन फळ्या, पोटात काही नाही.

निघताना वेळ बघायची असेल तर बघा, पण कुठल्या घड्याळात? या शहरात दोन वेळा चालतात. रेल्वेची प्रमाणवेळ वेगळी आणि मुंबईची जुनी वेळ वेगळी. दोन्हींत ३९ मिनिटांचं अंतर. आजचा सूर्य रेल्वेच्या घड्याळात सातनंतर उगवेल आणि मुंबईच्या घड्याळात साडेसहाच्या सुमाराला. पाहुण्यांची त्यात फार तारांबळ उडते. तुमची उडत नाही. तुमचं काम तिसऱ्याच घड्याळावर चालतं: भिंतीवरची सावली किती लांब आहे आणि रस्ता ओलांडायला तिला किती वेळ लागेल.

भुलेश्वरातून चला. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात झेंडू आणि शेवंतीचे ढीग ओतले जाताहेत, पाणी शिंपडल्यावर उठणारा हिरवा, थंड वास नाकात शिरतोय, आणि त्याच्या पाठोपाठ पांजरापोळातल्या शेणाचा उबदार वास. हलवायानं भट्टी पेटवली आहे. डोक्यावर टोपली घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू’ करत आला की स्टँड छातीशी धरून भिंतीला चिकटायचं. पेटी कुणाच्या तरी कंबरेत लागतेच. शिवी ऐकून घ्या, गुजरातीत आहे, अर्थ कळल्यासारखा चेहरा करू नका.

पायधुणीला ट्राम. लाकडी पट्ट्यांचे बाक गार पडलेत. ड्रायव्हर उभ्यानं पायाखालची घंटा बडवतोय, ठणठण, ठणठण, आणि प्रत्येक वळणावर चाकांची अशी किंकाळी उठते की दात शिवशिवतात. कंडक्टर एका आण्याचं तिकीट फाडतो आणि पेटीकडे बोट दाखवतो.

‘ही काय? सुतार का तुम्ही?’

‘चित्रकार.’

‘मग पायाखाली घ्या. तेल सांडलं तर उतरवीन.’

भायखळ्यापर्यंत आभाळ निळसर राखाडी असतं. तिथून पुढे पाहत राहा. एक चिमणी, मग तीन, मग मोजणं सोडून द्यावं इतक्या. चिंचपोकळी मागे पडली की हवाच बदलते. कोळशाचा धूर घशाला खरवडतो, गॅस कंपनीच्या बाजूनं कुजकट वास येतो, आणि या सगळ्यात एखाद्या खोलीतून तव्यावरच्या भाकरीचा इतका स्वच्छ वास येतो की रिकामं पोट आवळून येतं. उतरा. आणि रस्त्याच्या कडेला, बंद दुकानाच्या फळीला पाठ लावून जागा धरा, कारण आता लोंढा येणार आहे.

भोंगा कानांनी ऐकू येतो असं तुम्हाला वाटत असेल. तो बरगड्यांत वाजतो. एका गिरणीचा सुरू होतो, त्याच्यावर दुसरीचा चढतो, तिसरीचा त्याहून खालच्या पट्टीत. चाळींच्या जिन्यांवरून माणसं उतरताहेत, टोप्या, फेटे, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया, हातात डबे, कोपऱ्यात बिड्यांचे ठिपके. शेकडो अनवाणी पायांचा आणि वहाणांचा एकच घासता आवाज. तुमच्या स्टँडच्या तीन पायांभोवतून हा सगळा रस्ता वाहतोय आणि तुम्ही दोन्ही हातांनी फळी धरून उभे आहात.

मग फाटकं त्यांना आत घेतात, आणि गिरणीच्या भिंतीवर उजेड पडतो.

आता घाई. हा उजेड तासभरही टिकत नाही. फळीवर कालच बर्न्ट सिएनाचा पातळ हात मारून ठेवलाय, त्यामुळे पांढरेपणाची भीती नाही. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या उंबरनं तीन रेघा: रस्ता, भिंतीची कड, चिमणीचा कणा. मग सगळ्या गडद जागा एका दमात भरा. डोळे किलकिले करा, अजून, पापण्यांतून फक्त ढोबळ आकार दिसू द्या. जे. जे.मध्ये वर्षानुवर्षं हेच शिकवलं: तपशील सोडा, आधी मोठे आकार पकडा. पातळ रंगाचा थर खाली, तेलकट जाड रंग वरून. उलटं केलंत तर दोन वर्षांत चित्राला भेगा जातील.

आणि धूर. धूर काळा रंगवायचा नाही. नीट बघा: चिमणीच्या तोंडाशी, मागे गडद भिंत आहे तिथे तो निळा दिसतो. तोच धूर वर चढून उजळ आभाळासमोर आला की तांबूस, तपकिरी होतो. धूर एक, कोळसा एक, पण मागे काय आहे त्यावर त्याचा रंग ठरतो. अल्ट्रामरीनमध्ये किंचित पांढरा, वर जाता जाता ऑकर आणि क्रिमझनचा पुसट हात. त्याची कड बोटानं मोडा, ब्रशनं ती फार कडक येते. लालबागचं आभाळ निळं नसतंच. जानेवारीत ते मोतिया असतं, खाली मातकट, आणि त्या मातकटपणात जी ऊब आहे तिच्यासाठीच तर तुम्ही भुलेश्वरातून शिव्या खात आलात.

पाठीमागे गरम श्वास जाणवतोय? वळू नका. पोरं जमली आहेत. एक नळीचं बूच घेऊन पळेल, म्हणून पेटी दोन पायांच्या मधे घ्या. रात्रपाळी संपवून आलेला एक कोकणातला माणूस मात्र मघापासून हाताची घडी घालून उभा आहे. केसांत, भुवयांत, मिशीत कापसाचे तंतू अडकलेत.

‘मास्तरानू, आमची चाळ खंय आसा हेच्यात?’

तुम्ही ब्रशच्या मागच्या टोकानं एक करडा डाग दाखवता.

‘ही? आणि खिडक्यो?’

‘इथून दिसत नाहीत.’

‘दिसणत नाय कशे? तिसरी आमची. बायलेन लुगडां वाळत घातल्यान मां, तांबडां.’

तुम्ही बघता. खरंच आहे. राखाडी भिंतीवर एक तांबडी रेघ. क्रिमझनमध्ये जरासा सिएना, एकच फटकारा, परत हात लावायचा नाही. आणि अख्खं चित्र जागेवर बसतं. माणूस मान हलवतो आणि झोपायला निघून जातो. अशा वेळी मला वाटतं की मुंबईच्या चित्रकारांना जेवढं शाळेनं शिकवलं तेवढंच रस्त्यावर मागे उभ्या राहणाऱ्यांनी शिकवलं असेल. त्यांची नावं कुठल्याच कॅटलॉगात नाहीत.

सावली रस्त्याच्या मध्यावर आली. थांबा. इथून पुढे जे रंगवाल ते दुसऱ्या वेळेचं असेल, आणि एकाच चित्रात दोन वेळा आल्या की ते खोटं पडतं. नाइफनं पॅलेट खरवडा, उरलेला रंग कागदात बांधा, पाण्याखाली ठेवला तर उद्याही चालेल. ऊन चढलंय, मानेवर घाम आणि काजळी यांचा थर बसलाय, आणि ओली फळी अंगापासून लांब धरून आता तीच ट्राम परत पकडायची आहे.

जेवणाआधी हात. घासलेट, मग साबण, मग पुन्हा साबण. नखांत राहिलेला पांढरा काढल्याशिवाय पानावर बसायचं नाही. फ्लेक व्हाइट म्हणजे शिसं, पोटात गेलं तर हळूहळू माणूस खातं. खानावळीत पाटांची ओळ, वाढप्याची धावपळ, आमटीत आमसुलाचा आंबट वास, वरून तुपाची धार. तुमच्या पहिल्या घासाला मात्र घासलेटचीच चव आहे. दुसऱ्यापासून सवय होते.

आता दुपार, आणि दुपार म्हणजे भाडं. सकाळच्या चित्रानं खोलीचं भाडं निघत नाही. खिडकीशी एक मोठा कॅनव्हास उभा आहे आणि त्याच्या कोपऱ्याला टाचलाय एका गृहस्थांचा फोटो, पिवळट, काड्यापेटीच्या दुप्पट आकाराचा. गृहस्थ वारले. मुलाला त्यांचं तैलचित्र हवंय, वर्षश्राद्धाआधी. फोटोत रंग नाही, म्हणून तुम्ही विचारलंत. उत्तर आलं की पगडी लाल, उपरण्याला जर, आणि वर्ण जरा उजळ ठेवा. डोळ्यांत तेज हवं. फोटोग्राफरनं हालू नका म्हणून दम दिलेल्या माणसाच्या डोळ्यांत तेज कुठून येणार, पण आणायचं. हे काम तुम्ही मन लावून करता. मुलगा पहिल्यांदा चित्र बघेल तेव्हा बोलणार नाही, हे तुम्ही आधी अनुभवलंय. कुणी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करतं, कुणी बोलपटांची पोस्टरं, कुणी नाटकमंडळ्यांचे पडदे, ज्यांवरचं जंगल प्रयोगागणिक गुंडाळलं जाऊन घड्यांवर झिजतं. नशीबवानाला ड्रॉइंग मास्तराची कायम नोकरी लागते आणि तो पोरांना एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसवतो. निसर्गचित्र यातून वाचवलेल्या वेळात.

याच गिरगावात चाळीसेक वर्षांपूर्वी राजा रविवर्मांचं बिऱ्हाड होतं. त्यांची शकुंतला, त्यांची सरस्वती घराघरांत पोचली. त्यांच्याबरोबर राहणारा, त्यांचे व्यवहार सांभाळणारा, त्यांच्या चित्रांच्या पार्श्वभूमीला हात लावणारा धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा स्वतः निसर्गचित्रांत रमणारा होता, रोजनिशी लिहायचा, आणि १९०५मध्ये गेला. त्याचं नाव आज चाळीत विचाराल तर कुणी सांगणार नाही. तिकडे कोल्हापुरात जे. जे.त शिकलेले आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या, रंकाळ्याच्या काठावरचं पाणी आणि झाडं आयुष्यभर रंगवत राहिले, आणि १९३१मध्ये गेले. माणसाच्या चेहऱ्याला गिऱ्हाईक असतं. पाण्यावरच्या उजेडाला ते सहसा नसतं. मुंबईत निसर्गचित्र घेणारे म्हणजे एखादा गोरा साहेब, पारशी कुटुंब, नाहीतर एखादं संस्थान. औंधच्या पंतप्रतिनिधींनी गेल्याच वर्षी आपलं संग्रहालय उघडलं, ते स्वतः ब्रश धरणारे राजे, म्हणून चित्रकारांच्या बोलण्यात औंधचं नाव आशेनं येतं. आणि या सगळ्यांना हवा असतो नाशिकचा घाट, काश्मीरचं तळं, फार तर बाणगंगेच्या पायऱ्या. लालबागची चिमणी दिवाणखान्यात टांगायला कोण नेणार?

चारला पोर्ट्रेट वाळायला सोडा आणि उद्याच्या कॅनव्हासकडे वळा. विकत आणलेला तयार कॅनव्हास परवडत नाही. मांजरपाट चौकटीवर ताणा, मधल्या खिळ्यापासून कडेला, समोरासमोर, बोटानं टिचकी मारली की डफासारखा आवाज यायला हवा. मग गरम सरसाचा हात. खोलीत मेलेल्या जनावराचा वास पसरतो आणि मास्तर शाळेतून येताच उंबऱ्यावर थबकतात. त्यावर सफेदा आणि खडूच्या पुडीचं अस्तर, वाळलं की घासायचं, पुन्हा अस्तर. आत्ता हिवाळा आहे म्हणून बरं. जूननंतर हेच कापड ओलसर हवेत सैल पडतं, रंग आठवडा आठवडा चिकट राहतो, क्रिमझन आणि काळा तर वाळायचं नावच घेत नाहीत, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या चित्रांवर एका रात्रीत बुरशीची करडी नक्षी उमटते. गिरगावच्या पावसानं किती चित्रं खाल्ली असतील, हा विचार मनात आला की मला चैन पडत नाही.

संध्याकाळी चौपाटी. जानेवारीत सूर्य मलबार पॉइंटच्या टोकाशी समुद्रात उतरतो, तेव्हा पाण्यावरची पिवळी पट्टी थेट तुमच्या पायांपर्यंत येते. पलीकडे मरीन ड्राइव्हला नव्या इमारती उभ्या राहताहेत, बांबूंच्या परांच्यांतून आभाळ दिसतंय. ओली वाळू, भाजलेले शेंगदाणे, कोळ्यांच्या होडीतून येणारा मासळीचा दर्प. वाऱ्यानं वाळूचे कण ओल्या रंगात बसतात. काढू नका, ते तसेच वाळतात आणि तिथेच छान दिसतात. या उजेडाला तुमच्याकडे पंधरा-वीस मिनिटं आहेत. मग कंदीलवाला काठी घेऊन गॅसचे दिवे लावत येईल आणि निळा, हिरवा, जांभळा यांतला फरक तुमच्या पॅलेटवरून नाहीसा होईल.

रात्री इराण्याकडे दोन कप चहा पाच जणांत. संगमरवरी टेबलावर ब्रुन मस्क्याचे तुकडे आणि तावातावानं चाललेलं बोलणं. जे. जे.चे संचालक जेरार्ड पोरांना रंग मोकळा करायला सांगताहेत. व्हिएन्नाहून आलेले लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलाविभाग बघतात आणि आपल्याच मुंबईच्या उन्हाला असे भडक, जाड रंग लावतात की जुने लोक कपाळाला हात लावतात. एक जण म्हणतो, खरी साधना हळदणकर मास्तरांच्या हातात आहे, १९०८पासून वर्ग चालवताहेत, तिथे जाऊन रेघ शिका. दुसरा म्हणतो, रेघ पुष्कळ झाली. तुम्ही गप्प आहात, कारण तुमच्या डोक्यात अजून ती तांबडी रेघ आहे.

आता काही आठवडे पुढे उडी मारा. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्रं द्यायचा दिवस. १८८८पासूनची ही सोसायटी. इथे चित्र लागलं तर माणूस चित्रकार म्हणवून घेतो. दोन वर्षांपूर्वी इथलं सुवर्णपदक अमृता शेरगिलच्या तीन मुलींच्या चित्राला मिळालं. तुम्ही लालबागच्या फळीवरून मोठा कॅनव्हास केलाय. चौकट उसनी आहे. चित्र वाळलंय, उजवा कोपरा सोडून, कारण काल रात्री तुम्हाला तिथे राहवलं नाही.

ट्रामच्या दारात उभे आहात, चित्र आडवं धरून. ऐन कचेरीची वेळ. पारशी बाबा, मद्रासी कारकून, धोतर सावरणारे भटजी, सगळे आत घुसताहेत आणि तुमचा उजवा कोपरा प्रत्येकाच्या पांढऱ्या कोटापासून चार बोटांवर आहे.

‘अहो, जपून! ओलं आहे!’

‘मग ओलं घेऊन कशाला चढलात?’

‘आज शेवटचा दिवस आहे.’

हे ऐकल्यावर काय घडतं पाहा. मघाशी खेकसलेले गृहस्थच हात पसरून गर्दी मागे रेटतात. कुणीतरी विचारतं, कुठलं हे? लालबाग? आमचे मामा तिथेच. धोबीतलाव येईपर्यंत अर्धी ट्राम तुमच्या चित्राला पहारा देते.

पुढे म्युझियमपर्यंत गेलात तर चौकात काळा घोडा खराखुरा उभा दिसेल, राजासकट. पण त्याच्या शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी शोधू नका. ती यायला अजून तेरा वर्षं आहेत. तुम्ही आधीच उतरा. फोर्टातल्या प्रदर्शनाच्या दालनात चित्रं भिंतींना टेकून ठेवली आहेत, व्हार्निशचा वास डोळ्यांत उतरतोय, आणि टेबलापाशी रांग आहे. सगळे एकमेकांच्या चित्रांकडे चोरून बघताहेत. तुमच्या पुढच्याचं काश्मीर आहे, बर्फासकट. सुरेख केलंय, मान्य करा.

तुमची पाळी. कारकून फॉर्म पुढे सरकवतो. नाव. पत्ता. माध्यम: तैलरंग. शीर्षक?

‘लालबाग, सकाळ.’

‘किंमत?’

टाक हातात घेऊन तुम्ही थबकता. मांजरपाट, सफेदा, कोबाल्टची ती नळी, ट्रामचे आणे, यांचा हिशेब जमतो. पहाटेचा जमत नाही. कमी लिहिलं तर शिकाऊ ठरवतील, जास्त लिहिलं तर चित्र पावसाळ्यात पुन्हा त्याच भिंतीला येईल. पन्नास लिहिता. खोडता. पंच्याहत्तर लिहिता. कारकून खोडलेल्या आकड्याकडे पाहतो, मग चित्राकडे, जरा जास्तच वेळ.

‘ही तांबडी रेघ काय आहे?’

‘लुगडं. वाळत घातलेलं.’

‘हं,’ म्हणत तो शिक्का उचलतो. ‘चित्र तिकडे ठेवा, ओला कोपरा भिंतीला लावू नका. आणि बाजूला व्हा, मागे रांग आहे.’